पिंजऱ्यातला सॅल्मन वांझ करूनच वाढवावा का?

खाडीकाठ (धागाकर्ता)
नॉर्वेच्या समुद्रात पिंजऱ्यांमध्ये दरवर्षी १० लाख टनांहून जास्त अटलांटिक सॅल्मन पिकतो. रानटी सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीला नदीत परततो. जाळं फाटलं की मासे निसटतात, नद्यांत शिरतात आणि तिथल्या रानटी सॅल्मनशी त्यांची वीण होते. २०१६ साली नॉर्वेतल्या शंभराहून जास्त नद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या ठिकाणी पाळीव वाणाचा अंश रानटी माशांत उतरलेला सापडला. हे वाण १९७० च्या दशकापासून भराभर वाढण्यासाठी निवडत आणलेलं. ते मिसळलं की मासा किती वर्षांनी वयात येतो, केवढा होऊन नदीत परततो, सगळंच बदलायला लागतं.

माझं मत सरळ आहे. पिंजऱ्यात सोडायचा मासा वांझच हवा, आणि त्यासाठी जनुकसंपादनाला परवानगी मिळायला हवी. बर्गनच्या सागरी संशोधन संस्थेनं २०१६ मध्येच हे करून दाखवलंय. 'डेड एंड' नावाच्या जनुकाशिवाय गर्भातल्या मूळ बीजपेशी (ज्यांपासून पुढे अंडी किंवा शुक्राणू होतात) तग धरत नाहीत. नुकत्याच फळलेल्या अंड्यात क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्रानं ते बंद पाडलं. जोडीला रंगाचं जनुकही बंद केलं, त्यामुळे पिल्लू फिकट निघालं की काम झालं हे नुसत्या डोळ्यांना कळतं. अशा माशात नराला वृषण आणि मादीला अंडाशय तयार होतं, पण आत बीजपेशीच नसतात. गाबोळी कधीच धरत नाही. मत्स्यपालकाचाही फायदा आहे: नर लवकर वयात आला की तो तपकिरी पडतो, जबडा वाकतो, मांसाचा रंग उतरतो. वांझ माशात हे होत नाही.

रानवाटा
पूर्ण विरोध. नदीला फक्त वीण मारत नाही. पिंजऱ्यांभोवती सॅल्मनच्या उवा, म्हणजे माशाच्या अंगावर जगणारे परजीवी, लाखोंनी वाढतात आणि समुद्राकडे निघालेल्या कोवळ्या रानटी पिल्लांना चिकटतात. वांझ माशाच्या अंगावर उवा कमी होतात का? नाही. जून २०२४ मध्ये नॉर्वेला ३३ नद्यांतली सॅल्मनची मासेमारी थांबवावी लागली, एवढे कमी मासे परतले होते. अशा वेळी 'आमचा मासा आता निरुपद्रवी' म्हणत कंपन्या पिंजरे वाढवून मागणार, हे उघड दिसतंय. पैसा बंदिस्त टाक्यांत घाला. मासाही निसटणार नाही आणि उवाही पसरणार नाहीत.

पेशीबाई
रानवाटा, उवांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण म्हणून विणीचा प्रश्न टाकून देता येत नाही. एकदा मिसळलेलं रक्त परत वेगळं काढता येत नाही, उवांवर निदान उपाय तरी चालू आहेत.

संपादन नको म्हणणारे दोन पर्याय सांगतात, ते तपासू. पहिला, अंड्यांवर दाब देऊन गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच ठेवायचे. मासा वांझ होतो, पण कण्याची व्यंगं आणि मोतीबिंदू वाढतात, कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्यात तो लवकर दमतो. दुसरा, उशिरा वयात येणारं वाण निवडायचं. 'व्हीजीएलएल३' हे जनुक २०१५ मध्ये सापडलं. रानटी सॅल्मन कोणत्या वयात पिकतो यातला सुमारे ३९ टक्के फरक त्या एका जागेवरून ठरतो. गंमत अशी की, या जनुकाच्या दोन प्रतींत एक 'लवकर' आणि एक 'उशिरा' अशी जोडी असेल तर नर लवकरकडे झुकतो आणि मादी उशिराकडे. विलक्षण जनुक आहे! पण उशिरा पिकणारा मासाही निसटला तर वीण करणारच.

दर्यासारंग
एक रोखठोक प्रश्न. वांझ माशाचं बी, म्हणजे सोडायची पिल्लं, येणार कुठून?

पेशीबाई
अंड्यात संपादनाबरोबरच 'डेड एंड' जनुकाचा आरएनए, म्हणजे त्याच्या निरोपाची तात्पुरती प्रत, टोचला तर बीजपेशी वाचतात. असा मासा स्वतः वितो, पण बदल पुढच्या पिढीत जातो. २०२० मध्ये या वाटेची पहिली पायरी सिद्ध झाली.

दर्यासारंग
म्हणजे बियाण्याची किल्ली प्रयोगशाळेकडेच. लहान पालकानं जन्मभर तिथूनच विकत घ्यायचं?

खाडीकाठ
सॅल्मनचं बी आजही मोजक्या कंपन्यांकडूनच येतं, दर्यासारंग. ती मक्तेदारी मलाही सलते, पण ती संपादनानं आणलेली नाही.

पेणकर
आमच्या रायगडातल्या जिताड्याचं थोडं सांगतो. खाडीतून धरलेली पिल्लं तळ्यात सोडून वाढवायची ही आमची जुनी रीत. ते बी रानटीच, तळं फुटून मासा खाडीत गेला तर बिघडत नाही. शिवाय जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. विकायचा मासा मादी व्हायच्या आधीच बाजारात जातो. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेनं १९९७ मध्ये त्याचं प्रजनन बंदिस्त जागेत जमवलं, तेव्हापासून हॅचरीचं, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातलं, बीही मिळतं. म्हणून इथे वांझपणाआधी दोन गोष्टी पाहा: हॅचरीतले नर-माद्या कुठल्या पाण्यातले आहेत, आणि खाडीतल्या मोठ्या माद्या आपण किती मारतो.

रानवाटा
पेणकर, हे पटलं. खाडीकाठ, नॉर्वेचा १९९३ चा जनुकतंत्रज्ञान कायदा केवळ सुरक्षितता पाहत नाही. समाजाला उपयोग, शाश्वतता आणि नीती यांचाही विचार करायला लावतो. तुमच्या वांझ माशाची परवानगी पिंजऱ्यांची संख्या न वाढवण्याच्या अटीवर द्यायला तुम्ही तयार आहात का?

खाडीकाठ
तयार आहे. ही अट परवान्यातच लिहावी, आणि माशामागे किती उवा चालतील याची मर्यादा आहे तशीच ठेवावी.