मुलाच्या वहीत 'मी नसतो तर' असं लिहिलेलं सापडलं, त्याच्याशी कसं बोलू?

परभणीची_आई
नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा लातूरला नीटची रिपीटर बॅच करतोय, मार्चमध्ये १८ पूर्ण होतील. दिवाळीला घरी आलाय. काल धुवायला कपडे काढताना त्याची बॅग रिकामी केली तर फिजिक्सची रफ वही निघाली, मागच्या पानावर टेस्टचे मार्क एकाखाली एक, ४१२, ३९६, ४०३, ३७१, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात, 'मी नसतो तर बाबांना जमीन गहाण ठेवावी लागली नसती.'

हातपायच गळाले माझे. वही होती तशी परत ठेवली.

आता मागचं एकेक आठवतंय. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागा असतो, अनारसे त्याच्या इतक्या आवडीचे पण एकालासुद्धा हात लावला नाही. आणि त्याची बॅट, जिला कोणाला शिवू देत नव्हता, ती परवा धाकट्या चुलतभावाला देऊन टाकली, म्हणाला मला आता काय करायचीय. तेव्हा मला वाटलं पोरगा मोठा झाला, समजूतदार झाला.

हे म्हणतात वयच तसं असतं, डोक्यावर बसवू नकोस. जाऊबाई म्हणतात विषयच काढू नका, नसलं तरी डोक्यात भरेल. रविवारी तो परत होस्टेलला जाणार, आज गुरुवार. काय करू, कसं विचारू, कृपया लवकर सांगा.

सुनंदा_क
ताई, आधी पाणी प्या. तुम्हाला दिसलं, वेळेवर दिसलं, हे लक्षात ठेवा.

माझी मुलगी १५ ची असताना आम्ही यातून गेलोय म्हणून लिहितेय. मी काय चुकले ते सांगते, तुम्ही तसं करू नका. ती एकदा जेवताना म्हणाली 'मला जगायचा कंटाळा आलाय', आणि मी ताट बाजूला सारून सुरू झाले, आम्ही तुझ्यासाठी एवढं राबतो, तुला काय कमी आहे, असलं अभद्र बोलायचं नाही घरात, देवाला काय वाटेल. ती गप्प बसली आणि मला वाटलं समजलं तिला. बरी झाल्यावर कितीतरी महिन्यांनी मला म्हणाली, आई त्या दिवशी मी ठरवलं होतं की तुला परत काही सांगायचं नाही.

नंतर जे बोलणं झालं ते मटार सोलताना झालं, दोघी शेजारी बसलेल्या, नजर परातीकडे. मुलांना समोर बसवून डोळ्यात डोळे घालून विचारलं की ती आकसतात. त्याला बरोबर घेऊन काहीतरी काम काढा नाहीतर शेताकडे चालत जा. आणि तो बोलायला लागला की मध्ये तोंड घालू नका. हे सगळ्यात अवघड जातं, जीभ चावत बसावं लागतं.

समीर_औसा
ताई वही वाचली हे त्याला कळू देऊ नका. विश्वास उडेल. सहज विचारल्यासारखं करून विचारा.

डॉ_मनोविकार
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, एका जिल्हा रुग्णालयात काम करतो. समीर, तुमचा हेतू चांगला आहे पण मी उलट सांगेन. 'कपडे काढताना वही दिसली, वाचली, आणि मला तुझी काळजी वाटली' असं सरळ सांगा. लपवाछपवीने विचारलं तर मुलं लगेच ओळखतात. चिडेल थोडा, चिडू द्या.

ताई, जाऊबाईंची भीती खूप जणांना असते पण ती खरी नाही. विचारल्याने हे विचार डोक्यात भरत नाहीत, उलट एकट्याने वाहिलेलं ओझं जरा उतरतं. गोल गोल विचारू नका. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' असंच विचारा, शांत आवाजात. 'तसलं काही नाही ना तुझ्या डोक्यात?' असं विचारलं की पोरगं नाही म्हणूनच मोकळं होतं, कारण तुम्हाला नाहीच ऐकायचंय हे त्याला कळतं. हो म्हणाला तर पुढचं विचारायचं, किती वेळा येतात, कसं करायचं ते ठरवलंय का. ठरवलंय म्हणाला तर क्षणभरही एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, जिल्हा रुग्णालयाची इमर्जन्सी रात्रीही उघडी असते. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. 'तुला जपण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन' एवढंच म्हणा.

आवडती वस्तू देऊन टाकणं, झोप उडणं, मी ओझं आहे असं वाटणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर मी वाट बघणार नाही. तपासल्याशिवाय रविवारी होस्टेलला पाठवू नका. चार टेस्ट बुडाल्या तरी बुडू द्या.

आणि हे आजच करा, बोलायच्याही आधी. तुमची शेती आहे म्हणजे घरात फवारणीची औषधं असणार. ती घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात. घरातल्या गोळ्याही तशाच. ही तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेच कितीतरी जीव वाचतात.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. तो फक्त मुलासाठी नाही, तुम्ही आई म्हणूनही फोन करू शकता. कसं विचारायचं याची तालीम त्यांच्याबरोबर करून घ्या हवी तर.

रानवारा७
एक प्रश्न, दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते ना? आमच्याकडे लोक याच भीतीने नेत नाहीत, पोटदुखी सांगतात.

डॉ_मनोविकार
नुसते विचार येतात म्हणून दाखवलं तर केसचा प्रश्नच नाही. प्रयत्न झाला असला तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ठेवलेलंच नाही. पोटदुखी सांगू नका, खरं सांगा, उपचार त्यावर ठरतात.

एमएच२४_वाला
परभणीच्या काकू, मी तोच मुलगा होतो. लातूरच, रिपीटरच, सहा वर्षांपूर्वी. आता नोकरी करतो, डॉक्टर झालो नाही, काही बिघडलं नाही.

काकांना हे वाचून दाखवा प्लीज. 'वयच तसं' नाही हे. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले. ती पण कोणाचीतरी हुशार पोरंच होती.

माझ्या रूममेटने माझ्या घरी फोन केला होता, मला न विचारता, तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी बाबा एसटीने आले. माझ्या कॉटवर बसले, पिशवीतून संत्री काढली आणि सोलून एकेक फोड मला देत राहिले, दुपारभर. मार्कांचं एक अक्षर काढलं नाही. मग संध्याकाळी म्हणाले, फी गेली ती गेली, पैशाचा हिशोब माझा आहे, तुझ्या डोक्यावर घेऊ नको, तू घरी चल. मी इतका रडलो की शेजारच्या खोलीतली मुलं आली. काकू तुमच्या मुलाने जमिनीचं लिहिलंय म्हणजे हे वाक्य त्याला बाबांच्या तोंडून पाहिजे, तुम्ही कितीही म्हणालात तरी आई म्हणणारच असं वाटतं त्याला. आणि 'पुढच्या वेळी नक्की होईल' असं नका म्हणू, आम्हाला त्याचीच तर भीती असते.

त्याच्या रूममेटचा नंबर घेऊन ठेवा. घरच्यांच्या आधी त्यांना दिसतं.

परभणीची_आई
सगळ्यांनी इतकं लिहिलंत, कसे आभार मानू. सांगते काय झालं ते.

काल रात्रीच ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं. संत्र्यांचं वाचताना उठून बाहेर गेले, बराच वेळ आले नाहीत. मग कळलं की मागच्या खोलीतली सगळी औषधं खोक्यात भरून दिरांच्या आखाड्यावर ठेवून आले.

आज सकाळी मी त्याला घेऊन तूर बघायला गेले. बांधावर बसलो. वहीचं सांगितलं, चिडला, कशाला हात लावला म्हणाला. मग मी विचारलं, डॉक्टरांनी लिहिलं तसंच, शब्द घशात अडकत होते पण विचारलं. तो ढेकूळ उचलून चुरत राहिला नुसता. मग म्हणाला, 'रोज येतात गं. पण तुझा चेहरा येतो मग.' कसं करायचं ते ठरवलेलं नाही म्हणाला, मी दोनदा विचारलं. नंतर एक तास बोलत होता, मी जीभ चावून बसले सुनंदाताई. १४४१६ ला दुपारी आम्ही दोघांनी मिळून फोन केला, त्यातलं थोडं तो एकटाही बोलला. उद्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जातोय, हे पण येतायत. होस्टेलला कळवलंय की तो रविवारी येत नाही. आज तो आमच्याच खोलीत झोपलाय, लहानपणीसारखं खाली गादी टाकून.

एक विचारायचं राहिलं. गोळ्या दिल्या तर सवय लागेल का?

डॉ_मनोविकार
ताई, फार नीट केलंत, काकांनीही.

गोळ्या द्यायच्या की नाही ते तपासून ठरेल, काही मुलांना नुसत्या समुपदेशनानेही बरं वाटतं. दिल्या तर, डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. या वयात सुरुवातीच्या काही आठवड्यांत अस्वस्थपणा किंवा असे विचार वाढू शकतात, म्हणून तेवढे दिवस जास्त लक्ष ठेवा, बेचैन वाटला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन या. गोळ्यांचं पाकीट तुमच्याकडे ठेवा, रोजची रोज हातात द्या. उद्या ती वहीही बरोबर न्या, पण त्याला विचारून.