साग जानेवारीतच उघडा पडला, झाड वाळतंय का?

प्रश्न :
बांधावर सागाची सात-आठ वर्षांची झाडं आहेत. मुरमाड उतारावरची जानेवारीतच उघडी पडली, विहिरीजवळची अजून हिरवी आहेत. लागवड एकाच वेळची. ही पानगळ समजायची की झाडं वाळतायत? पाणी सोडू का?

प्रतिसाद १ :
पानगळच असणार, पण खात्री करून घ्या. बोटाएवढ्या जाड फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवी, ओलसर असली तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडी लागली तर ती गेली.

दुसरी खूण देठाच्या जागेची. सागाला पानं समोरासमोर येतात, म्हणून चौकोनी डहाळीवर व्रणांच्या जोड्या दिसतात. पान गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर तयार होतो, तिथून पान सुटतं आणि मागे बुचासारखा थर जखम बुजवतो. मेलेल्या फांदीला हे जमत नाही. मोडून लटकलेल्या फांदीची पानं करपतात, पण चिकटून राहतात. अशी पानं दिसली तर काळजी करा, उघड्या फांदीची नको.

प्रतिसाद २ :
फरक ओलीचा आहे. युरोपात पानगळ होते ती दिवस लहान झाले आणि थंडी पडली म्हणून. आपल्या साग-पळसाच्या रानात कोरड पडली म्हणून. सागाचं पान केवढं मोठं! त्यातून पाणी सतत उडतं. मुरमातली ओल लवकर सरते. मुळं कमी पडली की खोडातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि त्या नळ्या पाणी चढवेनाशा होतात. त्यापेक्षा पानं टाकलेली परवडतात. टाकण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र नि स्फुरद परत ओढून घेतं, पान पिवळं पडतं ते त्याच वेळी.

अर्थात सगळी झाडं पावसाची वाट बघत नाहीत. कुसुमाच्या झाडाला (कोसंबाला) भर उन्हाळ्याच्या तोंडावर तांबडी लुसलुशीत पालवी फुटते.

एवढ्या वयाच्या सागाला पाणी लागत नाही. पहिल्या दोन उन्हाळ्यांतल्या रोपांना मात्र द्या.

प्रतिसाद ३ :
पाला कृपा करून पेटवू नका. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून तीन इंच थर पसरा, ओल टिकेल. खत करायचं असेल तर पानं आधी चुरा. सागाची अख्खी पानं ताटांसारखी एकमेकांवर बसतात, मधे पाणी जात नाही आणि ढीग कोरडाच राहतो. वर सांगितल्याप्रमाणे नत्र झाडानं काढून घेतलेलं असतं, त्यामुळे नुसता पाला फार सावकाश कुजतो. दर सहा इंच थरावर शेणकाला शिंपडा : 10 लिटर पाण्याला 1 किलो ताजं शेण.

आणि पावसाळ्याच्या अखेरीस पानांची जाळी झाली, फक्त शिरा उरल्या, तर ती पानगळ नव्हे, अळीचं काम आहे. तेव्हा पानाची खालची बाजू उलटून बघा.