पोटमाळ्यात इन्सुलेशन टाकायचंय, आधी ही धूळ कशी काढू?

धूळधाण
मंडळी, मदत हवीये. जुनं उतरत्या छपराचं घर, खाली सीलिंग आणि मधल्या पोटमाळ्यात कित्येक वर्षांत कुणी डोकावलेलंही नाही. काल टॉर्च घेऊन वर डोकं घातलं तर बोटभर धूळ, जळमटं, उंदराच्या लेंड्या आणि एका बाजूला जुन्या ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंच्या कापसाचा) थर, तोही मधेमधे काळा पडलेला. आता नवीन ग्लासवूल अंथरायचंय. रविवारी झाडू मारून मोकळं व्हावं म्हणतोय, का घरातला व्हॅक्युम क्लीनर वापरू? आणि जुनं सगळं काढावंच लागतं का?

सुतारपक्षी
झाडू अजिबात नको!! बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते, तुमच्या छातीत जाते आणि उरलेली फटींतून खाली घरात. साध्या व्हॅक्युमचंही तेच, बारीक कण पिशवीतून आरपार जाऊन मागून परत बाहेर. हेपा फिल्टरवाला, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, भाड्याने मिळाला तर बघा. लेंड्या तर कोरड्या हलवूच नका, त्यांच्या धुळीतून हंता व्हायरससारखी दुखणी येतात. १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी फवारा, ५ मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून कागदाने उचला. फवारताना तिकडची वीज बंद, आणि एन-९५ मास्क लावा, तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

रात्रपाळी
एवढी चकाचक सफाई कशाला पण, शेवटी वर ग्लासवूलच पसरणार ना, तिथे कोण पाहुणे बसणारेत?

सुतारपक्षी
@रात्रपाळी अर्धं पटतंय. घाण, ओलं झालेलं आणि सुटा कचरा काढायचा, बाकी लखलखीत करायची गरज नाही. जुनं ग्लासवूल कोरडं आणि स्वच्छ असेल तर त्याच्यावरच नवीन टाकता येतं.

आढं_पाखं
थांबा, काही हलवायच्या आधी जुना थर नीट बघा. सुटे, चमकदार, खडीसारखे दाणे असतील तर तो व्हर्मिक्युलाइट, म्हणजे इन्सुलेशनसाठी वापरलेलं खनिज, असू शकतो. अमेरिकेत मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून तो भरपूर निघायचा, १९९० मध्ये ती बंद झाली, आणि त्या मालात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू, मिसळलेलं असायचं. तसं दिसलं तर हात न लावता खाली या आणि तपासणीवाल्याला बोलवा, एन-९५ वर भागणार नाही. पाइपांना जुनं पांढरं प्लास्टरसारखं गुंडाळलेलं असेल तरी तेच.

धूळधाण
दाणे नाहीत, पिवळा कापूसच आहे. पाइपही उघडे. हुश्श. पण मग ते काळं काय, बुरशी का?

आढं_पाखं
ओलसर असेल, वास येत असेल तर बुरशी असू शकते. कोरडं असेल तर बहुतेक हवेची गळती. खालून घरातली हवा फटीतून वर जाते, ग्लासवूल गाळणीसारखं तिच्यातली धूळ धरून ठेवतं. म्हणजे तुम्हाला फुकटात नकाशा मिळालाय! प्रत्येक काळ्या डागाखाली फट शोधा, पाइप नाहीतर वायर वर येते तिथेच असते बहुधा, आणि ती सीलंटने बुजवा. आधी फेकून दिलंत तर बसाल शोधत. फक्त वळचणीची हवा अडवू नका, तिथे छपराखाली ५ सेंमी तरी वाट मोकळी ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडून वासे कुजतात.

रात्रपाळी
आणि पाय सीलिंगच्या आडव्या तुळईवरच ठेवा हो. मी गप्पा मारत मारत मधे ठेवला आणि गुडघ्यापर्यंत खालच्या खोलीत, बायको खालून बघतेय. आता आडवी फळी टाकल्याशिवाय चढत नाही. भर उन्हात पण जाऊ नका, भट्टी असते.

सुतारपक्षी
वायरिंग पण इलेक्ट्रिशियनला आत्ताच दाखवा, जुन्या वायरीचं रबर हात लावताच तुकडे होऊन पडतं, आणि अशी वायर ग्लासवूलखाली गाडली की तापते.

धूळधाण
आज परत चढलो, पहाटे, फळी घेऊन. सहा काळे डाग, त्यातल्या चारांखाली फटी सापडल्या. पण एका वाश्यावर वरून ओघळ आलाय, हाताला ओल लागतेय, म्हणजे आधी कौलं बघणं आलं, ग्लासवूल पुढच्या महिन्यात. उंदीर कुठून येतात तेवढं मात्र कळेना.

आढं_पाखं
धूळ काढली नाहीये ना अजून? टॉर्च आडवा धरा, पावलं दिसतील.

धूळधाण
दिसली!! रांगच्या रांग, थेट पाण्याच्या पाइपाशेजारच्या भोकात.