मदत हवी आहे : पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल काळपट झालंय, बदलू की हात लावू नको?

नमस्कार मंडळी,

सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतली आहे. डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. मीटर दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलंय. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या नोंदी अगदी तारीखवार ठेवल्यात, पण गिअरबॉक्सबद्दल एक अक्षर नाही. आमची रोपवाटिका आहे, त्यामुळे हौद्यात कुंड्या आणि मागे ट्रेलर हे रोजचंच.

त्रास असा, की साठ-सत्तरच्या वेगाला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना, गाडी दोन-तीन सेकंद थरथरते. रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं. पाय दाबला किंवा पूर्ण सोडला की थांबतं. गिअर मात्र सगळे वेळेवर पडतात, D ला टाकल्यावर उशीर नाही, झटका नाही.

या गिअरबॉक्सला डिपस्टिकच (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) नाही. एका मेकॅनिकने खालून लेव्हलचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल काढून दाखवलं. काळपट तपकिरी होतं, लाल अजिबात नाही. तो म्हणाला, मशीन लावून पूर्ण फ्लश करा, म्हणजे दाबाने नवीन ऑइल ढकलून जुनं सगळं बाहेर काढा. दुसरा म्हणाला, इतक्या किलोमीटरनंतर नवीन ऑइल टाकलंत तर गिअरबॉक्स बसेल, आहे तसं चालू द्या. कंपनीच्या पुस्तकात 'आयुष्यभर बदलायची गरज नाही' असं छापलंय.

तिघांपैकी कोणाचं ऐकू?

— हिरवाहौदा

चढणवाला :
दुसऱ्या मेकॅनिकचं. आमच्या ओळखीत एकाने बदललं आणि महिन्याभरात गाडी हलेना. चाललंय ते चालू दे, हे साधं सूत्र.

पाना_बारा :
चढणवाले, तुमच्या ओळखीच्या गाडीत ऑइल बदलायच्या आधी गिअर स्लिप होत होते का, म्हणजे इंजिन फिरतंय पण गिअर पकडत नाही असं होत होतं का, ते विचारून बघा. बहुतेक ठिकाणी गोष्ट अशीच असते. क्लच प्लेटा संपत आलेल्या असतात, गाडी ओढत नाही म्हणून माणूस शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतो, आणि मग बिल ऑइलच्या नावावर फाटतं. जुन्या ऑइलात प्लेटांचा चुरा तरंगत असतो आणि त्यावर थोडी पकड मिळते, हे खरं आहे. पण चुऱ्याच्या भरवशावर चालणारा गिअरबॉक्स तसाही जाणारच असतो.

ताई, तुमच्या वर्णनात स्लिपचं एकही लक्षण नाही. जे आहे ते टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लचचं वाटतंय. स्थिर वेगात तो क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. पूर्ण पकडण्याआधी तो थोडा घसरत पकडतो, आणि ते घसरणं गुळगुळीत व्हावं म्हणून ऑइलात खास रसायनं घातलेली असतात. ती संपली की क्लच पकड-सोड, पकड-सोड करतो, आणि तीच तुमची थरथर. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, थरथर सुरू झाली की अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागला की लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर चोर सापडला. नाही थांबली तर इंजिनाचं मिसफायर, इंजेक्टर, प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधे, असं सगळं बघावं लागेल.

आता ऑइल. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका. लाल रंग हा फक्त डाय असतो, इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून घातलेला, आणि काही कंपन्यांचं ऑइल मुळातच हिरवं किंवा पिवळसर असतं. काळपटपणा वयानेही येतो. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. थेंब पसरला आणि मधे काळा गाळ राहिला नाही तर बरं आहे. मग वास घ्या. जळका, नाकात जाणारा वास असेल तर क्लच तापलेत. आणि ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी जागेवरून हलवायचीच नाही, कारण रेडिएटरमधला गिअरबॉक्स ऑइलचा कूलर फुटून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरलंय. पाण्याने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.

'आयुष्यभर' वर माझा विश्वास नाही. त्याच पुस्तकात मागच्या पानांवर 'खडतर वापर' असा तक्ता असतो, तो बघा. ट्रेलर ओढणं, सतत लोड, कडक ऊन, हे सगळं त्यात येतं आणि बहुधा तिथे ऑइल बदलायचा आकडाही दिलेला असतो. ऑइलला मारते ती उष्णता. ठोकताळा असा, की दर 10 अंशांमागे आयुष्य निम्मं होतं. बहुतेक गाड्यांत ऑइल 80 ते 100 अंश सेल्सिअसमध्ये राहतं. चढावर ट्रेलर ओढताना 120 च्या वर वारंवार गेलं तर ते झपाट्याने सडतं.

मशीनचा फ्लश मी करणार नाही. इतिहास माहीत नसलेल्या गिअरबॉक्सात दाबाने ऑइल ढकललं की कोपऱ्यातला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणारा भाग) बारीक वाटांत अडकायची भीती असते. शिवाय पॅन (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं तबक) न उघडता फ्लश केला तर फिल्टर जुनाच राहतो आणि पॅन कोणी बघतच नाही. पॅन खोला, फिल्टर आणि गास्केट बदला, निघालं तेवढंच भरा. यात सगळं ऑइल बदलत नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकलेलं असतं. समजा एकूण 10 लिटर आहे आणि पॅनमधून 4 निघालं, तर पहिल्या वेळी जुनं 60 टक्के उरतं, दुसऱ्या वेळी 36, तिसऱ्या वेळी 22 च्या आसपास. मधे काही आठवडे गाडी चालवून हेच दोन-तीनदा करा.

हिरवाहौदा :
पाना_बारा, खूप आभार. ब्रेकची परीक्षा केली. स्पर्श केल्या केल्या थरथर थांबली, पाय काढला की परत आली. टिश्यूवर गाळ नाही, वास तेलकट आहे पण जळका नाही. आता दोन शंका. 'सगळ्या गाड्यांना चालणारं' म्हणून एक ऑइल मिळतंय, ते चालेल का? आणि डिपस्टिक नाही तर लेव्हल कशी बघायची?

गिअरगिरी :
'सगळ्यांना चालणारं' नको. हा घोळ जुना आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फोर्डचं टाइप एफ आणि जनरल मोटर्सचं डेक्स्रॉन दोन्ही लालच होती, पण घर्षणाचा स्वभाव उलटा. एक कडक पकडायचं, दुसरं हळुवार. पुढे पातळपणाही बदलला. 2005 साली आलेलं डेक्स्रॉन ६ हे आधीच्या डेक्स्रॉन ३ पेक्षा पातळ आहे. तुमची तक्रारच लॉकअपच्या घर्षणाची, तर तिथे अंदाजपंचे कशाला? पुस्तकात जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच डब्याच्या मागच्या बाजूला छापलेलं हवं. 'साठी योग्य' असं मोघम लिहिलेलं असेल तर डबा परत ठेवा.

लेव्हलबद्दल : आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, मगच खालचा उघडा. ऑइल सगळं खाली आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला, अशा गाड्या टो होऊन येतात. निघालेलं ऑइल थंड झाल्यावर मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच भरा. मग गाडी सपाट जागी, चारही चाकं एका पातळीत उचललेली, इंजिन चालू. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबत P ला या. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून ऑइलचं तापमान बघत राहा. कंपनीने दिलेल्या पट्ट्यात तापमान आलं की लेव्हलचा बोल्ट उघडा. धार बारीक होऊन थेंबाथेंबाने गळायला लागलं की लगेच बंद. जास्त गरम असताना केलंत तर फुगलेलं ऑइल वाहून जातं आणि नंतर कमी पडतं. थंड असताना केलंत तर जास्त भरलं जातं, फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसावर दाब बनत नाही.

चढणवाला :
त्या ओळखीच्या माणसाला फोन केला. आधीपासून तिसरा गिअर सुटत होता म्हणे. पाना_बारा, हा गुण तुमचा.

हिरवाहौदा :
काम झालं. पॅनमधल्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट होती. बोटाने चोळली तर कणकण लागली नाही, चकाकणारे तुकडेही नाहीत. थरथर बरीच कमी झालीय, ट्रेलर असताना अजून थोडी जाणवते.

पाना_बारा :
करडी पेस्ट म्हणजे नेहमीची झीज, काळजी नको. दुसऱ्यांदा बदला, मग बोलू. तोवर ट्रेलर ओढताना टो मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) चालू ठेवा. गिअरबॉक्स उगाच वरखाली गिअर शोधत बसत नाही, ताप कमी होतो. थरथर तरीही उरली तर रेडिएटरपुढे जादा कूलर बसवायचा विचार करा. आणि फोर बाय फोर आहे, तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलची (अ‍ॅक्सलवरचे गिअर) ऑइलं वेगळी असतात, त्यांच्या नोंदीही नसणारच. पुढच्या वेळी गाडी वर असतानाच तेही बोल्ट उघडून बघा.