बर्फाची चित्रपुस्तके आपल्याकडच्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी कशी निवडावीत?

कट्टेकरी (घोडबंदर रोड, ठाणे)

आमच्या सोसायटीत दर रविवारी चार ते सात वर्षांच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली जाते. जानेवारीत बर्फाची चित्रपुस्तके घ्यावीत असा विचार आहे. परंतु यांतील बहुतेक मुलांचा बर्फ फ्रीजमधला नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्यांना ही पुस्तके रुचतील का, आणि इंग्रजी मजकूर मराठीतून सांगायचा झाल्यास कोणती सोयीची पडतील, हे कृपया सुचवावे.

पानोपानी (वाशी)

बर्फाची माहिती देणाऱ्या पुस्तकापेक्षा बर्फात एखादे मूल काहीतरी करत आहे असे पुस्तक घ्यावे. एझ्रा जॅक कीट्स यांचे १९६२ सालचे ‘द स्नोई डे’ मी सर्वांत आधी घेईन. लाल कपड्यांतला पीटर कधी पावले बाहेर वळवून, कधी आत वळवून चालतो, काठीने बर्फात रेघ ओढतो आणि घरी जाताना बर्फाचा एक गोळा खिशात ठेवतो. झोपण्यापूर्वी खिसा चाचपतो तर तो रिकामा! गोळा कुठे गेला हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. ती आपणहून ओरडून सांगतात. पावलांच्या पानाशी थांबून मुलांना फरशीवर तसे चालू द्यावे. एका पानावर दोन-चारच वाक्ये असल्याने मराठीतून सांगताना धांदल होत नाही, आणि चित्रांतले आकार ठळक असल्याने मागे बसलेल्यांनाही ती दिसतात.

खाडीकाठ (ऐरोली)

वरील मताशी सहमत आहे, पण चित्र मागून दिसते की नाही ही कसोटी आणखी काटेकोरपणे लावावी. रेमंड ब्रिग्ज यांचे ‘द स्नोमॅन’ (१९७८) शब्दविरहित असल्याने भाषेचा प्रश्नच येत नाही, म्हणून पुष्कळजण ते सुचवतील. मात्र त्यात एकेका पानावर अनेक लहान चौकटी आहेत. मांडीवर एक-दोन मुले असतील तर ते उत्तम, वीस मुलांपुढे त्याचा उपयोग नाही. शिवाय बर्फाची म्हणून मिळणारी कितीतरी पुस्तके प्रत्यक्षात नाताळची असतात, तेव्हा आधी चाळून पाहावीत.

मध्यमपदलोपी (नौपाडा, ठाणे)

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी जेन योलेन यांचे ‘आउल मून’ पाहावे. मुलगी वडिलांबरोबर रात्री बर्फातून घुबड शोधायला जाते आणि वाटेत दोघे जवळजवळ बोलतच नाहीत. हे पुस्तक दबक्या आवाजात वाचावे लागते. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना घुबड काही परके नाही. ‘स्नोफ्लेक बेंटली’ हे १८८५ साली सूक्ष्मदर्शकातून हिमकणाचे छायाचित्र घेणाऱ्या विल्सन बेंटलींवरचे पुस्तकही चांगले आहे. त्याच्या समासातील माहिती मात्र वाचू नये, गोष्टीचा धागा तुटतो. सहा बाजू का, असे कोणी विचारलेच तर पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात, एवढे उत्तर पुरे.

कट्टेकरी

सर्वांचे आभार. पहिल्या रविवारी पीटर घेतो. ‘आउल मून’ मोठ्या मुलांसाठी संध्याकाळी वेगळे वाचावे असे वाटते, कारण चार वर्षांची मंडळी गप्प बसणे कठीण आहे.