'झपाटलेला' नक्की कोण : लक्ष्या, बाहुला की तात्या?

कुरडई
आमच्या मंडळाने यंदा गणपतीत महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (1993) दाखवायचं ठरवलंय. इथेच वाढलेल्या मुलांसाठी इंग्रजीत चार ओळींची ओळख लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि नावालाच गाडी अडली. 'हॉन्टेड' लिहिलं तर लेक म्हणते, हॉन्टेड घर असतं, माणूस नाही. 'पझेस्ड' लिहावं तर कोण? तात्या विंचू हा गुंड मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. पुढचा सगळा आटापिटा नायकाच्या, म्हणजे लक्ष्याच्या शरीरात शिरण्यासाठी आणि नेमकं तेच त्याला जमत नाही. म्हणजे लक्ष्या झपाटलेला नाहीच. बाहुला म्हणावं तर त्यात आधी कोणी नव्हतंच, मग झपाटलं कुणाला? रिकाम्या खोलीत राहायला गेलेल्याला आपण घुसखोर म्हणतो का?
जाता जाता, 'हॉरर कॉमेडी'ला मराठीत काय म्हणता? 'भयविनोदी' मला पोटाच्या औषधाचं नाव वाटतं.

पाटावरवंटा
झपाटणे हे 'झपाटा'वरून. झपाट्याने काम उरकतो तोच झपाटा. अचानक झडप घालून ताब्यात घेणं हा मूळ अर्थ, भूत नंतर आलं. बाहुल्यावर झडप घातली, बाहुला झपाटलेला. विषय संपला.

संध्याछाया_नाही
विषय असा संपत नसतो हो. भूत लागतं, धरतं, झपाटतं. देवी अंगात येते. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते. निर्जीव वस्तूला झपाटलेलं मी तरी घरात कधी ऐकलेलं नाही. आमच्या आजीच्या भाषेत सरळ 'बाहेरचं लागलं'. तात्या करतो तो परकायाप्रवेश. शंकराचार्य अमरू राजाच्या शरीरात शिरले त्या गोष्टीतला.

बारक्या
शंकराचार्य आणि तात्या विंचू एका ओळीत! आता मी कुठलाही धागा वाचायला मोकळा.

कानामात्रा
व्याकरणाकडे कोणी बघणार आहे का? 'वाचलेलं पुस्तक' यात पुस्तक वाचलं गेलं. पण 'प्यालेला माणूस' यात माणसाला कोणी प्यालेलं नाही, त्याने स्वतः ढोसलेली आहे. 'शिकलेली बाई', 'जेवलेले पाहुणे' तसेच. हा 'लेला' दोन्हीकडे चालतो. तेव्हा 'झपाटलेला' म्हणजे झपाटणारा तात्या स्वतः, असं का नको?

पाटावरवंटा
कारण तसं कोणी बोलत नाही म्हणून. 'चावलेला कुत्रा' म्हणजे चावणारा कुत्रा का?

कानामात्रा
'तो मला चावलेला कुत्रा' असं आमच्याकडे सर्रास म्हणतात.

पाटावरवंटा
तुमच्याकडे म्हणत असतील.

तालमीतला
याच दिग्दर्शकाचा 2004 चा 'पछाडलेला' आहे, तोही शब्द घ्या की. पछाडणे म्हणजे मुळात आडवा करणे, पाठ जमिनीला लावणे. हिंदीत अजून तोच अर्थ आहे. मराठीत मात्र तो भुताच्या, रोगाच्या, संशयाच्या ताब्यात गेला. तिकडे झपाटणेला बरे दिवस आले. 'कामाने झपाटलेला माणूस' ही स्तुती, 'शंकेने पछाडलेला' ही कीव. कामाने पछाडलेला कोणी म्हणून बघा, समोरचा सुट्टी घे म्हणेल.
बाकी आखाड्यात पछाडणे फार ऐकलं नाही. तिथे चितपट, अस्मान दाखवणे हेच.

बटाटेवडा_टोरांटो
शब्द राहू द्या, पोरांना दाखवण्यासारखा आहे का हा सिनेमा? मागच्या आठवड्यात घरी लावला. माझं मत : निम्मा सिनेमा एकटा दिलीप प्रभावळकरांचा आवाज ओढतो. रामदास पाध्यांचा बाहुला करतो काय, तर जबडा खालीवर, डोळे इकडेतिकडे, मान वळते. तेवढ्यावर माणूस दचकतो, कारण मधल्या जागा आवाज भरतो. धावायची, झटापटीची वेळ आली की मात्र पैशांची तंगी उघडी पडते. बाहुला बहुतेक कमरेपासून वर दिसतो, बाकीचं काम कॅमेरा हलवून भागवलंय. पोरं तिथे हसली, पण प्रेमाने. पोलिसांचा भाग आणि गाणी आली तेव्हा मोबाइल निघाले. बायकांच्या वाट्याला किंचाळण्यापलीकडे फारसं काही नाही, हे 1993 म्हणून सोडून द्यावं असं मला तरी वाटत नाही.

संध्याछाया_नाही
लक्ष्मीकांत बेर्डेंना विसरलात. बाहुला आपल्याशी बोलला हे लक्ष्या सगळ्यांना जीव तोडून सांगतो आणि एकाचाही विश्वास बसत नाही. त्याची ती ततपप आणि घामाघूम चेहरा एकाच वेळी हसवतो आणि कीवही आणतो. ते नसतं तर 'चाइल्ड्स प्ले'चं (1988) देशी रूप एवढंच उरलं असतं.

बारक्या
आणि 'तात्या'! ज्याच्या पाया पडायचं त्याचं नाव खुनी बाहुल्याला. तिथेच अर्धी बाजी मारली. 'विंचू' एकट्याने कोणी हसलं नसतं.

शुद्धमराठी
तात्यापर्यंत ठीक, पण जोडीदार 'कुबड्या खवीस'! खवीस हा अरबी 'खबीस'चा अपभ्रंश. आपल्याकडे समंध, मुंजा, वेताळ, हडळ, जखीण एवढी घरची भुतं असताना उसनवारी कशाला? आणि 'हॉरर कॉमेडी'साठी 'भयहास्यपट' हा उत्तम शब्द आहे.

तालमीतला
खवीस गावच्या वेशीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलाय, त्याला आता रेशनकार्ड मागता? शिवाय लोककथेतला खवीस मुसलमान माणसाचंच भूत, नावही त्याचंच असणार. 'भयहास्यपट' सोंगट्यांच्या पटासारखा वाटतो. आमच्याकडे सरळ 'भुताचा विनोदी पिक्चर' म्हणतात.

मालवणी_सोलकढी
घरच्या भुतांवरून आठवलं. 2024 च्या हिंदी सिनेमाचं नाव 'मुंज्या'. आमच्या गावात मुंज्याच म्हणतात. पुण्याचे मित्र 'मुंजा' म्हणून दुरुस्त करतात. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं, पिंपळावर बसलं. त्याने कुठला उच्चार ऐकावा?

शुद्धमराठी
मुंजा. ज्याची मुंज लागते आहे त्या जिवंत बटूलाही मुंजाच म्हणतात.

मालवणी_सोलकढी
आमच्याकडे जिवंत तो मुंजा आणि पिंपळावरचा तो मुंज्या. सोयीचं पडतं.

कुरडई
मंडळी, माझ्या चार ओळी? आज रात्री पत्रिका छापायला जाते आहे. नाव रोमन लिपीत तसंच ठेवते आणि खाली 'बोलक्या बाहुल्यात शिरलेला गुंड' अशा अर्थाचं काहीतरी टाकते.

कानामात्रा
म्हणजे झपाटलेला तात्याच. माझंच ऐकलंत.

पाटावरवंटा
'बाहुल्यात' लिहिलंय त्यांनी, नीट वाचा.

संध्याछाया_नाही
बोलक्या बाहुल्यांच्या कलेला 'शब्दभ्रम' असा सुंदर शब्द आहे, तोही पत्रिकेत टाका. यशवंत पाध्यांच्या अर्धवटरावांपासून चालत आलेली कला आहे ती, मुलांना कळू दे.

कुरडई
टाकते. मंत्रही टाकायचाय. 'ओम फट् स्वाहा' की 'ओम भट स्वाहा'? आमच्या गल्लीत सगळे 'भट'च म्हणायचे.

शुद्धमराठी
फट्. पूजेत मंत्र म्हणत अंगाला हात लावतात त्या न्यासात 'अस्त्राय फट्' येतं ते हेच. ट पूर्ण लिहू नका, पाय मोडा.

बारक्या
आमच्या गल्लीतही भटच. गल्लीतल्या भटजींना बघून ओरडायचो, ते मागे धावायचे.

पाटावरवंटा
भटवरून आठवलं, 'भटकणे'चा 'भट'शी काही संबंध आहे का? वेगळा धागा काढतो.