शब्दचर्चा : ‘एस्च्युअरी’ म्हणजे नुसती खाडी का?

धंतोली :
एका संशोधन अहवालाचा मराठी सारांश करायचा आहे. विषय ‘एस्च्युअरीची इकॉलॉजी आणि हेल्थ’, म्हणजे जिथे नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी मिसळतं त्या पट्ट्याची. शाळेच्या भूगोलात खाडी आहे, कुठे नदीमुख दिसतं, आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘मुहाना’ही सर्रास चालतो. यातलं कोणतं घ्यावं? आणि ‘सॅलिनिटी’ला, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणाला, क्षारता लिहिलं तर चालेल काय?

नागकाठ :
खाडी घ्या, पण पहिल्याच परिच्छेदात कोणत्या प्रकारची ते सांगा. कोकणात एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लागतो. ठाण्याची खाडी हा मुख्यतः समुद्राचा आत शिरलेला फाटा. पावसाळा सोडला तर तिच्यात गोडं पाणी फार थोडं येतं. बाणकोटच्या खाडीत मात्र सावित्री उतरते, दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी, धरमतरच्या खाडीत अंबा. समुद्रशास्त्रज्ञ डोनाल्ड प्रिचर्ड यांच्या एस्च्युअरीच्या 1967 च्या व्याख्येत नेमकं हेच आहे : किनाऱ्याचं अर्धबंदिस्त पाणी, समुद्राशी मोकळी जोड आणि जमिनीवरून येणाऱ्या गोड्या पाण्याने मोजता येईल इतकं पातळ झालेलं समुद्राचं पाणी. म्हणून ‘नदीची खाडी’ म्हटलं की काम भागतं. नदीमुख म्हणजे नदी समुद्राला मिळते ती जागा. भरतीचा परिणाम तिथून कित्येक किलोमीटर आत पोचतो, तो सगळा पट्टा त्या शब्दात मावत नाही.

खारपाण :
क्षारता टाळाच. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यामुळे विदर्भात खारं पाणी कोणाला समजावून सांगावं लागत नाही, अडचण तक्त्यात येते. काही जण सॅलिनिटीला क्षारता लिहितात, काही अल्कलिनिटीला. तक्त्यात ‘क्षारता 120’ दिसलं तर वाचणाऱ्याने काय समजावं? लिटरमागे 120 मिलिग्रॅम अल्कलिनिटी असेल तर ते साधं नदीचं पाणी. किलोला 120 ग्रॅम मीठ असेल तर ते मिठागरातलं पाणी, कारण समुद्रातच ते सुमारे 35 ग्रॅम असतं. सॅलिनिटीला ‘लवणता’ किंवा सरळ ‘खारेपणा’ लिहा. अल्कलिनिटीला ‘अल्कता’, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ‘ब्रॅकिश’ला, म्हणजे गोड्याहून खाऱ्या पण समुद्राहून कमी खाऱ्या पाण्याला, मत्स्यखातं ‘निमखारे’ म्हणतं, तेच ठेवा. ‘मचूळ’ हा चवीचा शब्द, विहिरीच्या पाण्याला शोभतो. मोजमापाच्या तक्त्यात नको.

परीक्षानळी :
शब्द ठरले तरी आकडा फसवतोच. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 6 मिलिग्रॅम, हे खारेपणाशिवाय लिहिलं तर अर्थ निघत नाही. 25 अंश सेल्सिअसला गोडं पाणी लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, समुद्राचं पाणी सुमारे 6.7. म्हणजे तोच 6 चा आकडा गोड्या पाण्यात साधारण 72 टक्के संपृक्तता (पाणी धरू शकेल त्याच्या किती टक्के) दाखवतो आणि समुद्राच्या पाण्यात जवळपास 90 टक्के. सारांशात टक्केवारी, तापमान आणि खारेपणा एकाच ओळीत हवेत.

सीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्या मापाचं, त्याहून वाईट. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं. या चाचणीत वापरायचं रसायन, डायक्रोमेट, त्याचंही ऑक्सिडीकरण करतं, आकडा फुगतो आणि खाडी आहे त्याहून मळलेली दिसते. क्लोराइड बांधायला मर्क्युरिक सल्फेट त्याच्या वजनाच्या दहापट टाकतात, पण क्लोराइड लिटरमागे 2000 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की नेहमीच्या पद्धतीवर भरवसा ठेवत नाहीत. नमुना पातळ केला तर मुळातला थोडा सीओडी मोजणीच्या खाली जातो. मूळ अहवालात क्लोराइड दिलेलं नसेल तर सीओडीचा आकडा मथळ्यात घेऊ नका.

धंतोली :
‘युट्रोफिकेशन’ला एका पुस्तकात ‘सुपोषण’ सापडलं.

नागकाठ :
अरे बाप्पा! सुपोषण म्हटलं की लोकांना अंगणवाडीचा आहार आठवतो. ‘अतिपोषण’ लिहा. सांडपाण्यातून आणि खतांमधून नायट्रोजन-फॉस्फरस येतात, शैवाल माजतं, मरून तळाशी कुजतं आणि ऑक्सिजन खातं. वर हलकं गोडं पाणी आणि खाली जड खारं पाणी असा थर बसला, तर वरची हवा तळाला पोचत नाही. वरचा नमुना ठणठणीत आणि तळाशी प्राणी गुदमरलेले, असं त्यामुळे होतं. म्हणून नमुन्याच्या वर्णनात वरचा की तळाचा, भरती की ओहोटी, उधाण की भांग, हे तिन्ही यायला हवं. उधाण म्हणजे मोठी भरती, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास; भांग म्हणजे लहान भरती, अष्टमीच्या आसपास. (नागपुरी वाचकाला भांग म्हणजे केसांतला किंवा होळीचा; एकदा कंस टाकून मोकळे व्हा.) छापील वेळापत्रकातली भरती तिथे नमूद केलेल्या बंदरापुरती असते, आत ती उशिरा पोचते.

परीक्षानळी :
शीर्षकात ‘पर्यावरण व आरोग्य’ नको, वाचणारा दवाखाना शोधेल. इकॉलॉजी म्हणजे परिस्थितिकी, पर्यावरण नव्हे. ‘नदीच्या खाडीची परिस्थितिकी आणि प्रकृती’ बरं वाटतं. प्रकृती माणसाची विचारतात तशी नदीचीही विचारता येते.

खारपाण :
मँग्रोव्हचंही बघा ताई. सगळ्यांना तिवर म्हणू नका. तिवर म्हणजे ॲव्हिसेनिया : चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळं वर काढतं. कांदळ म्हणजे रायझोफोरा : खोडापासून कमानीसारखी आधारमुळं सोडतं. चिप्पी तिसरी, पांढरी चिप्पी 2020 पासून राज्याचं कांदळवृक्ष आहे. समूहाला कांदळवन किंवा खारफुटी, वनखातं पहिला शब्द वापरतं.

धंतोली :
शेवटचं. पश्चिमवाहिनी नद्यांना खाड्या, पूर्ववाहिनींना त्रिभुज प्रदेश, असं पाठ्यपुस्तक सांगतं. मग गोदावरीच्या मुखाला काय म्हणावं?

नागकाठ :
दोन्ही. त्रिभुज प्रदेश हा गाळाने बनलेल्या जमिनीचा आकार, एस्च्युअरी ही पाण्याची अवस्था. गोदावरीचे फाटे त्रिभुज प्रदेशातून जातात आणि त्यांच्या तोंडाशी खारं-गोडं मिसळतं. काकीनाड्याजवळचं कोरिंगाचं कांदळवन त्यावरच जगतं. आपली नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता आणि मग गोदावरी. तेव्हा अहवालात ‘वरच्या खोऱ्यातून येणारी पोषकद्रव्ये’ असं असेल, तर ‘वरचं खोरं’ तसंच ठेवा, ‘डोंगराळ भाग’ करू नका. त्या खोऱ्यात नागपूरही मोडतं.